आमचा राखणदार

राखणदार ठेवायचा तो आपल्याला झोप लागावी म्हणून, अशी माझी आपली एक भाबडी समजूत होती. आमच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस नावाचा राखणदार आला आणि ती समजूत गेली. जाताना झोपही घेऊन गेली.

तसा तो आम्ही बोलावलेलाच नव्हता. कॉम्प्युटर घेतला तेव्हा "तीन महिने फुकट आहे हं काका," म्हणत दुकानदाराने तो आधीच आत घालून ठेवला होता. फुकट म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणूस ज्या समाधानाने मान हलवतो, त्याच समाधानाने मी मान हलवली. तीन महिने गृहस्थ निमूट होते. मुदत संपली त्या दिवशी सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल चौकट उगवली. 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!' माझ्या हातातला चहा सांडला. "अहो, काय झालं?" करत ही स्वयंपाकघरातून धावत आली. धोका कसला, कुठून येतोय, किती लांब आहे, काही खुलासा नाही. खाली दोनच बटणं. 'आता पैसे भरा' आणि 'नंतर आठवण करा'. 'गप्प बस' असं तिसरं बटण कंपनीला सुचलं नसावं.

भरले पैसे. मग महाशयांनी काम मनावर घेतलं. सकाळी कॉम्प्युटर लावला की आधी हे घरभर फिरणार, एकेक फाइल हुंगून बघणार, आणि तोवर यजमानांनी दारात उभं राहायचं. विजेचं बिल भरायला मी बसलो की ही कुकर लावायची. तिसरी शिट्टी झाली तरी माझं पान उघडलेलं नसे. "तुमचा व्हायरस परवडला," ही म्हणायची.

बरं, हुंगून त्याला कळत तरी काय होतं? माझ्या भाच्याने समजावून सांगितलं, "मामा, त्याच्याकडे माहीत असलेल्या चोरांच्या खुणांची यादी असते. यादीत नसेल त्याच्या वागण्यावरून तो अंदाज बांधतो." हा अंदाज म्हणजे आमच्या सोसायटीच्या कमिटीचा अंदाज. अनोळखी दिसला की चोर! माझ्या वडिलांनी म्हातारपणी आपल्या आठवणी एका जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. चांगली नव्वद पानं. तो प्रोग्रॅम कुणा लहानशा माणसाने केलेला. राखणदाराच्या यादीत त्याचं नाव कुठलं असायला? एके दिवशी राखणदाराने त्याला संशयित म्हणून उचलून कोठडीत टाकलं. दुसरीकडे कुठे फाइल उघडावी तर वडिलांच्या आठवणींच्या जागी नुसती रोमन अक्षरांची खिचडी. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. भाच्याने कोठडी उघडून प्रोग्रॅम जामिनावर सोडवला, म्हणून वडील पुन्हा मराठीत बोलायला लागले.

यात आमचं नशीब खोटं म्हणावं, तर तसंही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अँटिव्हायरसने विंडोज एक्सपीमधल्या 'एसव्हीसीहोस्ट' नावाच्या फाइललाच व्हायरस ठरवलं होतं. ही फाइल म्हणजे घराचा खांब. परिणामी ठिकठिकाणचे कॉम्प्युटर पुनःपुन्हा बंद-चालू होत बसले. आणि अवास्टची तऱ्हा तर याहून न्यारी. कुणी तुमच्या मागावर राहणार नाही, असं सांगायचं आणि गिऱ्हाईक इंटरनेटवर कुठे कुठे हिंडतं त्याची माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकायची! २०२० साली हे बाहेर फुटलं, ती उपकंपनी बंद झाली, आणि २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर्स भरायला लावले.

फ्लॉपी आणि पेनड्राइव्हच्या काळात या मंडळींची गरज होती, हे मी नाकारत नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी 'क्विक हील' उभं केलं, याचा मला सातारी नसूनही अभिमान आहे. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून विंडोज आपला राखणदार माहेराहून घेऊनच येते. आम्ही मात्र दुसऱ्यालाही पोसत होतो.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षी हिला एक ईमेल आली. 'तुमच्या अँटिव्हायरसची वर्गणी आपोआप वाढवली आहे, ८,४९९ रुपये खात्यातून वळते होतील, नको असल्यास या नंबरवर फोन करा.' हिने केला. पलीकडचा माणूस इतका अदबशीर, की ही त्याला "अरे बाळा" म्हणायला लागली. बाळाने कॉम्प्युटर लांबून चालवायचा एक प्रोग्रॅम घालायला लावला, बँकेचं पान उघडायला लावलं, आणि पंधरा मिनिटांत २८,००० रुपये गेले. १९३० वर फोन केला, तेव्हा त्यातले ९,००० वाटेत अडले ते परत मिळाले.

आणि आमचा राखणदार? तो प्रोग्रॅम यादीतला, सज्जन. त्यामुळे कोपऱ्यात हिरवी खूण. 'तुम्ही सुरक्षित आहात.'

मी हिला बोलणार होतो. तेवढ्यात हीच म्हणाली, "माझं काय चुकलं? चार वर्षं हाच सांगत होता ना, पैसे भरा नाहीतर धोका आहे? त्याचं ऐकायचं, मग त्याच्या नावाने आलेल्याचं का नाही ऐकायचं?" मी गप्प बसलो. लाल चौकट दिसली की पैसे काढायची सवय घरात मीच लावली होती.

भाच्याने त्याला काढायला घेतलं, तर जाईना. 'नक्की काढायचं?' 'पुन्हा विचार करा.' 'निम्म्या किमतीत राहतो.' शेवटी निघाला आणि दारातून विचारलं, 'का काढलंत?' महाग वाटला, कॉम्प्युटर मंद झाला, दुसरा घेतला, असे पर्याय होते. मी 'इतर' वर खूण केली. खाली लिहायला एक ओळभर जागा उघडली.

"सरका," ही खुर्ची ओढत म्हणाली, "मी सांगते, तुम्ही लिहा. आणि एका ओळीत मावणार नाही म्हणावं."