जे बदललं नाही ते

टाटाच्या जुन्या ट्रकचं इंजिन आपली ओळख नावातच सांगतं. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. स्ट्रोक १२८, एकूण आकारमान ५.६७५ लिटर. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जमशेदपुरात डायमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये ते सहकार्य संपलं, ट्रकच्या तोंडावरची बेंझची तीन टोकांची चांदणी उतरली, पण बोनेटखालचं घराणं बदललं नाही. बेंझच्या ओएम ३५२ या इंजिनाची मापंही ९७ आणि १२८ हीच. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, सात मेन बेअरिंगांवर फिरणारा क्रँक, बाजूला लावलेला सरळ रांगेतला डिझेल पंप. सगळं डोळ्यांना दिसतं, पान्याला पोचतं. असं इंजिन घरी उघडता येतं ते यामुळेच.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळचा भोर फाटा मागे पडला की किकवी येते. महामार्गाचं गाव, त्यामुळे दिवसरात्र इंजिनांचे आवाज कानावर. तिथल्या एका घराच्या मागच्या पडवीत पावसाळ्यात चाललेलं एक काम सांगतो. याच इंजिनाचा टाटा १२१० ट्रक, विटा वाहणारा. भट्ट्या पावसात बंद, म्हणून ट्रकही बंद, आणि दिवाळीनंतर भट्ट्या पेटायच्या आत तो रस्त्यावर यायला हवा. मालकाकडे नव्या इंजिनाचे पैसे नाहीत. ‘फुल इंजिन’ म्हणून सरसकट सगळे पार्ट बदलायचेही नाहीत. मिस्त्री ओळखीतला, साठी ओलांडलेला. या कामाचं मर्म सुटे भाग बसवण्यात फारसं नाही. कुठला भाग बदलायचा नाही, हे तो कसं ठरवतो, त्यात आहे.

ते ठरवणं इंजिन उघडायच्या आधीच सुरू होतं. ट्रक मंद रेसवर चालू ठेवून मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करतो. डिझेल बाहेर उडतं, तो सिलिंडर बंद पडतो. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिनाचा सूर खाली येतो, अंग थरथरतं. नट सैल करूनही काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच फुकट बसलेला. इथे दुसरा आणि पाचवा तसे निघाले. मग ब्रीदरच्या तोंडावर तळहात, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात का हे पाहणं, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय का हे बोटांत चोळून बघणं. धूर निळा, म्हणजे ऑइल जळतंय. पाण्यात बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट आणि हेड बहुधा शाबूत. एक रुपया खर्च न करता अर्ध्या इंजिनाला त्याने चौकशीतून वगळलं होतं. चाचणी एका पान्याची. पण सूर किती उतरायला हवा होता हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच तो उतरला नाही हे ऐकू येतं.

इंजिन उतरवायला तीन पाइपांची तिपाई आणि भाड्याची चेन पुली. उतरवण्याकडे मी फार बघत नाही, ती ताकदीची बाब. बघण्यासारखं आहे ते खोलणं. पुश रॉड निघतात तसे खोक्याच्या पुठ्ठ्याला पाडलेल्या बारा भोकांत ओळीने उभे राहतात. कनेक्टिंग रॉडची टोपी ज्या रॉडची त्याच रॉडला लगेच हाताने परत लावली जाते, कारण त्या दोघांना एकत्रच बोअर मारलेला असतो आणि टोपी बदलली की गोलाई गेली. जुना आकडा पुसट असेल तर तिथे सेंटर पंचचे ठिपके : एक, दोन, तीन. बोल्ट काढले की आपापल्या भोकांत दोन आटे परत. झिजलेले भागसुद्धा एकमेकांच्या मापाने झिजलेले असतात. जो भाग परत वापरायचा आहे तो त्याच्या जुन्या जोडीदाराकडेच गेला पाहिजे. नवे पार्ट विकत घेणाऱ्याला ही शिस्त लागत नाही. पैसे नसलेल्याला ती लागते, आणि पुठ्ठ्यावरची ती रांग बघून मला प्रत्येक वेळी आदर वाटतो.

मग या सगळ्या कामातला माझा सर्वांत आवडता भाग येतो : सिलिंडर किती झिजलाय हे मोजणं. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग येऊन थांबते आणि उलटी फिरते, तिथे उष्णता आणि दाब सर्वाधिक, ऑइल सर्वांत कमी; तिथे झीज जास्त. तळाशी जवळजवळ नाहीच. नखाने वरची कड चाचपली की तिथे झालेली पायरी लागते. वर्कशॉपात हे बोअर डायल गेजने मोजतात. पडवीत ते नाही. मिस्त्रीकडे पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला फिलर गेज आहे आणि एक पिस्टन रिंग. ती रिंग तो सिलिंडरमध्ये वरच्या बाजूला, पायरीच्या जरा खाली ठेवतो, उलटा पिस्टन आत सरकवून तिला सरळ करतो, आणि रिंगच्या दोन टोकांमधली फट मोजतो. मग तीच रिंग तळाशी ढकलून पुन्हा मोजतो. समजा वर फट ०.८५ मिलिमीटर, खाली ०.४५. फरक ०.४०. रिंग म्हणजे परीघ, आणि परिघातला फरक व्यासातल्या फरकाच्या ३.१४ पट. म्हणून ०.४० ला ३.१४ ने भागा : व्यासात ०.१३ मिलिमीटरची झीज. मिस्त्री भागाकार करत नाही, ‘तिसरा हिस्सा’ म्हणतो. शाळेत पाय नावाचा आकडा परीक्षेपुरता शिकलेल्या मला तो इथे, डिझेलच्या वासात, बिनचूक काम करताना दिसला. यात एक हुशारी आणखी दडलेली आहे : बारीक झीज परिघावर आल्यामुळे तिप्पट मोठी होऊन दिसते, म्हणून साध्या फिलर गेजलाही ती सापडते.

मोजमापाचा निकाल सहाही लायनर बदलण्याचा लागला. इथे मिस्त्रीने काटकसर केली नाही. ब्लॉक टेम्पोत घालून पुण्याला गेला, नवे लायनर दाबून बसवून बोअर आणि होन करून आला. होनिंगच्या तिरप्या रेघांची जाळी ही सजावट नव्हे. त्या बारीक चरांत ऑइल टिकतं आणि रिंगा त्यावर घासून आपली बैठक धरतात. ब्लॉक परत आल्यावर मात्र जे झालं ते चुकूनही दृष्टीआड करू नये. त्याने तो रॉकेलने धुतला नाही. कपड्यांच्या साबणाचं गरम पाणी आणि ब्रश, पुन्हा पाणी, पुन्हा ब्रश. होनिंगच्या दगडाचा कण चरांत अडकतो. रॉकेल तो सैल करून तिथेच सोडतं, साबणाचा फेस तो उचलून बाहेर आणतो. नंतर पांढऱ्या धडप्याने आतून पुसायचं, आणि धडपं पांढरं राहीपर्यंत धुणं थांबवायचं नाही. आणि भोर तालुक्यातला श्रावण! उघडा लायनर रात्रभर ठेवला तर सकाळी गंजाची छटा येते. म्हणून ओल वाळते न वाळते तोच ऑइलचा हात. घाई आणि सावकाशी यांचा इतका नेमका क्रम मी फार थोड्या कामांत पाहिला आहे.

क्रँकच्या बाबतीत उलट घडलं. मालकाने मनाची तयारी करून ठेवली होती की ग्राइंडिंगला द्यावाच लागणार. मिस्त्रीने आधी जुनी बेअरिंग शेल ओळीने फडक्यावर मांडली आणि वाचली. वाचली हाच शब्द बरोबर. शेलवर झीज मधोमध आणि सारखी असेल तर रॉड सरळ; एका कडेला चकाकी आणि समोरच्या शेलला विरुद्ध कडेला चकाकी असेल तर रॉड वाकलेला. राखाडी थराखालून तांबं डोकावलं तर आयुष्य संपत आलं. उभे ओरखडे असतील तर ऑइलमधून कचरा गेलाय. इथे तांबं दिसायला लागलं होतं, पण ओरखडे नव्हते. मग मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी मोजला, कारण जर्नल नुसता बारीक होत नाही, लंबगोल होतो. दोन मापांत फरक नाममात्र. “मालक, क्रँकला हात लावायचा नाही. शेल तेवढी त्याच मापाची घालू,” एवढंच तो बोलला. पुढे एकदा ग्राइंडिंग करायची सोय क्रँकमध्ये शिल्लक राहिली. आज वाचलेला पैसा मालकाला दिसला. उद्यासाठी राखलेलं धातूचं ते पातळ आवरण मिस्त्रीला दिसत होतं.

हेडचं काम घरात व्हावं इतकं घरगुती आहे. व्हॉल्व्ह लॅपिंगला एक दांडी, तिच्या टोकाला रबरी कप, आणि पेस्टच्या दोन डब्या, जाडी आणि बारीक. दोन तळहातांत दांडी घोळवायची, मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा फिरवून पुन्हा ठेवायचा, नाहीतर एकाच जागी चर पडतो. व्हॉल्व्हच्या तोंडावर अखंड, सारख्या रुंदीचा, मंद राखाडी पट्टा उमटला की काम झालं. खात्री करायला पेन्सिलीच्या आडव्या रेघा सीटवर मारायच्या आणि व्हॉल्व्ह ठेवून पाव वेढा फिरवायचा. एकही रेघ उरली तर तिथे बैठक नाही. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल ओतून जेवायला जायचं. जेवून आल्यावर व्हॉल्व्हची कड कोरडी हवी. अकरा कोरडे होते, एक ओलसर. त्या एकाला पुन्हा दांडी लागली, आणि चहा थंड झाला.

छोट्या युक्त्यांची रेलचेल आहे, सगळ्या सांगत नाही. पण पिस्टनची पिन बसवण्याची तऱ्हा सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिन हातोडीने ठोकली तर पिस्टन बिघडतो. मिस्त्रीने घरातून जुनं पातेलं मागितलं, पाणी उकळलं आणि त्यात पिस्टन सोडले. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा बरंच जास्त फुगतं. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पिस्टनमध्ये पिन अंगठ्याने सरकते. नोझलखालचे तांब्याचे वायसर लाल करून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात आणि परत वापरता येतात; ते त्याने वापरले. रिंग दाबायचा पट्टा तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा, होज क्लिपने आवळलेला. साइड कव्हरची पॅकिंगं कागदाची, कव्हरवर कागद ठेवून कडेने हातोडी हलकेच टकटकवत कापलेली. हेड गॅस्केट मात्र नवीन आणि चांगल्या कंपनीचं. कुठे कागद चालतो आणि कुठे नाही, ही सीमारेषा त्याने एकदाही चुकवली नाही.

हेडचे बोल्ट मधून सुरू करून गोलगोल बाहेर, तीन फेऱ्यांत, हे बहुतेकांना माहीत असतं. टॅपेट लावण्यातली नजाकत मात्र सहज निसटते. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-५-३-६-२-४. क्रमातला पहिला आणि चौथा घ्या : १ आणि ६. दुसरा आणि पाचवा : ५ आणि २. तिसरा आणि सहावा : ३ आणि ४. प्रत्येक जोडीची बेरीज सात, फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंसारखी. जोडीतले दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात. एकाचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी हलत असतात, एक मिटतोय, दुसरा उघडतोय, तेव्हा जोडीदाराचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. म्हणून सहावा ‘हलला’ की पहिला लावायचा, दुसरा हलला की पाचवा. पुस्तक नको, फ्लायव्हीलवरची खूण नको. सातातून वजा करता आलं की पुरे. इंजिन थंड असताना इनलेट ०.२०, एक्झॉस्ट ०.३०. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त. मिस्त्री गेज सरकवतो आणि डोळे मिटतो. गेज अडकायला नको, सैल सरकायलाही नको. किंचित ओढ लागली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू नकळत फिरतो हे माहीत असल्यामुळे आवळल्यावर तो पुन्हा एकदा गेज घालून बघतो. बाराच्या बारा वेळा.

डिझेल पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून आणला होता, त्याला घरी कुणी हात लावू नये. पण पंप इंजिनाला कोणत्या क्षणी जोडायचा, हे पडवीतच ठरतं. पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढायचा, त्या जागी वाकडी नळी लावायची आणि इंजिन हळूहळू हाताने फिरवायचं. नळीतून डिझेलची धार येत असते; प्लंजर वर चढून आतलं भोक झाकू लागला की धार बारीक होते, तुटते, थेंब पडू लागतात. थेंबांमधलं अंतर वाढून ते थांबायच्या बेतात आले, तोच इंजेक्शनचा आरंभ. तिथे फ्लायव्हीलची खूण जुळली पाहिजे. पंप जरासा अलीकडे, जरासा पलीकडे ढकलत मिस्त्री त्या थेंबाची वाट बघत बसतो, आणि त्याच्याशी त्या वेळी कुणी बोलत नाही.

चालू करताना आधी स्टॉप ओढून, डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर. ऑइल प्रेशरचा काटा हलला, मगच डिझेल. इंजिन लागल्यावर बघे म्हणतात, तासभर असंच मंद चालू द्या, पार्ट बसू द्या. मिस्त्रीने उलट केलं. पाणी तापेपर्यंत थांबला आणि ट्रक अर्ध्या विटा घालून सारोळ्याकडे, नीरेच्या पुलापर्यंत धाडला. नव्या इंजिनाला रिकामं घुरघुरत ठेवलं तर सिलिंडरला काचेसारखा गुळगुळीतपणा येतो, रिंगा बसत नाहीत आणि आयुष्यभर ऑइल जातं. रिंगेच्या मागे गॅसचा दाब आला तरच ती भिंतीवर दाबली जाते, आणि दाब येतो तो ओझ्याने. ओझं हवं, पण बेताचं. म्हणून पुढच्या खंबाटकी घाटाचा चढ इतक्यात नाही. परत आल्यावर इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी मधल्या बोल्टपासून हेड पुन्हा एकदा आवळलं, टॅपेट पुन्हा तपासले. दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट अगदी किंचित घट्ट निघाला, तो त्याने सैल केला.