माफी सरकारची, सत्कार समाजाचा

पुण्याच्या गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक १९६७ साली आले. हिंदू-मुसलमानांत वैर वाढवते म्हणून सरकारने ते जप्त केले. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली. ते योग्यच झाले. पुस्तकाला उत्तर वाचूनच द्यायचे असते. फाळणीच्या वादातले पुस्तक म्हणून ते बहुधा वाचले जाते. शिक्षेत सूट मिळालेल्या माणसाचे पुस्तक म्हणूनही ते वाचायला हवे.

गोडसे यांना जन्मठेप झाली होती. त्यांच्याच अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे आयुष्यभराची कैद, आणि सूट देणे सरकारच्या हाती. १९६४ मध्ये सरकारने त्यांना सोडले. त्या आनंदात पुण्यात सत्यविनायकाची पूजा झाली. कटाची कुणकुण आपल्याला आधीच होती, असे ग. वि. केतकर तिथे बोलून गेले. त्यातूनच पुढे कपूर आयोग आला. पुस्तकाचा सूर त्या समारंभापेक्षा वेगळा नाही. शीर्षकात ‘मी’ आहे, पश्चात्ताप करणारा ‘मी’ मात्र आत कुठेच नाही.

गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी नथुराम व आपटे यांच्यासाठी दया मागितली होती. सरकारने ती नाकारून १९४९ मध्ये दोघांना फाशी दिली. किसासच्या कायद्यात माफीचा हक्क मृताच्या वारसांचा असतो. आपल्या कायद्यात तो सरकारचा आहे.

मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा न्याय करणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात जन्मठेपेचा फेरविचार २५ वर्षांनंतर होतो आणि तो न्यायाधीशच करतात. कैद्याने गुन्ह्याशी खरोखर फारकत घेतली का, सुटकेचा पीडितांवर काय परिणाम होईल, हेही पाहिले जाते. अर्थात, पश्चात्ताप पारखणे सोपे नाही. बोस्नियातल्या सर्ब नेत्या बिल्याना प्लाव्शिच यांनी मुसलमान आणि क्रोएट यांच्या छळाचा गुन्हा युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणापुढे कबूल केला, ११ वर्षांची शिक्षा घेतली आणि तुरुंगातच कबुली फिरवली. तरी २००९ मध्ये त्या लवकर सुटल्या. बेलग्रेडला बोस्नियन सर्बांचे पंतप्रधान त्यांच्या स्वागताला हजर होते.

२०२२ च्या १५ ऑगस्टला बिल्किस बानो प्रकरणातले ११ कैदी गोध्र्यात सुटले, तेव्हाही हार आणि मिठाई होतीच. बिल्किस स्वतः कोर्टात गेल्या. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, पण मुख्यतः अधिकाराच्या मुद्द्यावर. खटला मुंबईत चालला, म्हणून सूट देण्याचा अधिकार गुजरातचा नाही, महाराष्ट्राचा.

म्हणजे हा प्रश्न आता आपल्या दारात आहे. असा अर्ज मुंबईत आला, तर कैद्याच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला जरूर वाचावा. पण त्याआधी बिल्किसला विचारावे.