जप्त झालेले आडनाव : ‘रॉब रॉय’ आणि मॅग्रेगर कुळाचा वारसा

धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी थाळनेरचा किल्ला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला. मंदसोरच्या तहाने होळकरांनी तो इंग्रजांना देऊन टाकला होता. पण किल्लेदार तुळशीराम किल्ला सोडीना. शेवटच्या दिंडी दरवाजातून इंग्रज अधिकारी आत शिरले आणि तिथे चकमक उडाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅग्रेगर ठार झाले, तर लेफ्टनंट कर्नल मॅग्रेगर मरे जबर जखमी झाला. त्यानंतर जवळजवळ सारी शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला बंडखोर ठरवून त्याच दिवशी फाशी देण्यात आले.

खानदेशच्या इतिहासात हा प्रसंग दोन-चार ओळींत आटोपतो. त्यातली मॅग्रेगर ही नावे मात्र थांबून पाहण्यासारखी आहेत. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे १७७४ पर्यंत, हे आडनाव लावणे स्कॉटलंडमध्ये कायद्याने गुन्हा होता. आणि थाळनेर पडण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, डिसेंबर १८१७ च्या अखेरीस, या कुळाला जगभर प्रसिद्ध करणारी वॉल्टर स्कॉटची ‘रॉब रॉय’ ही कादंबरी प्रकाशित झाली होती. मराठी ऐतिहासिक कादंबरीची चर्चा निघाली की स्कॉटचे नाव आपल्याकडे नेहमी येते. त्याने एका कुळाच्या वारशाचे नेमके काय केले, हे थाळनेरच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम कुळाची हकीकत. ‘क्लॅन’ हा शब्द गेलिक भाषेतला. त्याचा मूळ अर्थ लेकरे. कुलनायक हा बाप आणि बाकीचे त्याची लेकरे, अशी ही कल्पना. प्रत्यक्षात साऱ्यांचे रक्ताचे नाते असेच असे नाही. आश्रयाला आलेलेही कुळाचे नाव घेत. मॅग्रेगर स्वतःला प्राचीन राजवंशाचे वंशज म्हणवत, पण राजाची सनद मात्र त्यांच्या शेजाऱ्यांकडे, कॅम्बेलांकडे होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर कागदाने दुसऱ्याची मालकी लागली, की कसणाऱ्याचे काय होते हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. मॅग्रेगर हळूहळू भूमिहीन झाले आणि गुरे पळवणे, लूटमार, सूडाचे हल्ले यांवर आले.

फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनच्या लढाईत त्यांनी कोहून कुळाची मोठी कत्तल केली. त्याच सुमारास राजा सहावा जेम्स इंग्लंडची गादी मिळून लंडनला निघाला होता. निघण्याआधी दोनच दिवस, ३ एप्रिलला, त्याच्या मंत्रिमंडळाने मॅग्रेगर हे नावच रद्द केले. जो ते टाकणार नाही त्याला मृत्युदंड. पुढच्या वर्षी कुलनायक अ‍ॅलस्डेअर याला एडिंबरोत फासावर चढवले. पुढे चौघांहून अधिक मॅग्रेगरांनी एकत्र जमू नये, मांस कापायच्या बिनटोकाच्या सुरीखेरीज हत्यार बाळगू नये, असेही हुकूम निघाले. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली, आणि १७७४ मध्ये कायमची गेली.

खरा रॉब रॉय या बंदीच्या छायेत जगला. १६७१ चा जन्म. धंदा गुरांच्या व्यापाराचा आणि राखणीचा पैसा वसूल करण्याचा. माँट्रोझच्या ड्यूककडून घेतलेले पैसे बुडाले आणि तो फरारी ठरला. कागदोपत्री तो आईचे कॅम्बेल हे आडनाव लावी. ज्या कुळाने आपली जमीन गिळली त्याच्याच नावाखाली वावरायचे, हा दैवाचा खेळ त्याच्या वाट्याला आला. १७३४ च्या डिसेंबरात तो वारला. बालक्विडरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

स्कॉटने ही नावाची गोष्ट कथानकाच्या मुळाशी ठेवली आहे. निवेदक फ्रँक हा लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला वाटेवरच्या खाणावळीत प्रथम भेटतो तो कॅम्बेल नावाचा गुरांचा व्यापारी. हाच रॉब रॉय मॅग्रेगर हे आपल्याला फार उशिरा कळते. पुस्तकाच्या नावातला माणूस पुस्तकात बराच वेळ टोपणनावाने हिंडतो. ही निव्वळ उत्कंठा वाढवण्याची युक्ती म्हणता येणार नाही. नाव जप्त झालेला माणूस समाजात कसा वावरतो, ते स्कॉट निवेदनाच्या रचनेतूनच दाखवतो. त्याच्या सामर्थ्याची ही खरी जागा.

दुसरी जागा निकोल जार्वी या ग्लासगोच्या व्यापाऱ्याची. हा रॉबचा दूरचा नातलग. डोंगरी मुलखात माणसे किती, काम किती, उरलेल्यांनी लूट केली नाही तर खायचे काय, याचा तो हिशेब मांडतो. हायलँड्‌सच्या शौर्याचे पोवाडे गाणाऱ्या पुष्कळ लेखनाहून हा हिशेब अधिक खरा वाटतो. पुढे तोच रॉबला सुचवतो की तुझ्या मुलांना मी मागावर बसवतो, विणकाम शिकवतो. रॉब संतापाने उसळतो. मॅग्रेगरची पोरे विणकर होणार? मग फ्रँक दुसरा मार्ग सुचवतो : वडिलांच्या ओळखीने परदेशी लष्करात जागा. या बोलण्याने त्या कणखर माणसाचे डोळे पाणावतात.

माझ्या मते या दोन प्रसंगांत कादंबरीचा सारा निवाडा आहे. स्कॉटला मॅग्रेगरांवरचा अन्याय पुरता कळतो. १८२९ च्या आवृत्तीसाठी त्याने कुळाचा तपशीलवार इतिहास देणारी दीर्घ प्रस्तावना लिहिली. पण गेलेल्या जमिनीचा प्रश्न तो सोडवत नाही. माग अपमानास्पद ठरतो, तलवार सन्मानाची ठरते, आणि ती तलवार दूर कुठे तरी, दुसऱ्याच्या चाकरीत चालवायची असते. स्कॉट हे १७१५ च्या काळात घडवतो. त्याच्या वाचकांच्या काळात ते प्रत्यक्षात घडून गेलेले होते. बंदी उठल्यावर कुळाने ज्याला नायक मानले तो जॉन मरे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीतला. थाळनेरला जखमी झालेला इव्हान मरे हा त्याचाच मुलगा.

त्या फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली. एडिंबरोच्या किल्ल्यातली शतकभर बंद असलेली पेटी स्कॉटच्या पुढाकाराने उघडली आणि स्कॉटलंडची राजचिन्हे सापडली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा साऱ्या सोहळ्याची आखणी स्कॉटनेच केली. तो मुकुट किल्ल्यातून राजवाड्यात नेताना संगतीला होते मॅग्रेगर, आणि त्यांच्या पुढे इव्हान. त्याच वर्षी या घराण्याने राजाच्या परवान्याने मॅग्रेगर हे आडनाव पुन्हा धारण केले. मेजवानीत कुलनायकांचा नायक म्हणून राजाच्या नावाने पेला उंचावला तोही इव्हाननेच. ज्या गादीने नाव खोडले तिलाच आता कुळाचा बाप म्हटले गेले.

आज स्कॉटिश वारसा म्हणून जे दिसते, चौकटींचे कापड, कुळागणिक ठरलेला रंग, त्याचा बराच भाग या सोहळ्याच्या आगेमागे ठरत गेला. १९८३ मध्ये इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी ही परंपराच रचलेली आहे असे मांडले. त्यांचे म्हणणे बरेचसे मान्य करूनही एक उणीव जाणवते. रचलेले काय ते त्यांनी दाखवले. पण ज्याच्यावर ही रचना उभी राहिली ते अस्सल साहित्य त्यांच्या मांडणीत झाकले जाते.

ते साहित्य मॅग्रेगरांकडे होते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिस्मोरचा डीन जेम्स मॅग्रेगर आणि त्याचा भाऊ यांनी गेलिक कवितांचे मोठे हस्तलिखित सिद्ध केले. जुन्या गेलिक काव्यासाठी अभ्यासकांना आजही त्याचाच आधार घ्यावा लागतो. आणि एक अंगाई आहे. १५७० मध्ये ग्रेगर मॅग्रेगरचा शिरच्छेद कॅम्बेलांनी केला. त्याची पत्नी मॅरियन स्वतः कॅम्बेलांची लेक. माहेरच्यांनी मारलेल्या नवऱ्याचा शोक ती तान्ह्या बाळाला जोजवताना करते, असे हे गीत. ते अजून गायले जाते. एका कुळाच्या विध्वंसाची साक्ष दुसऱ्या कुळातल्या बाईच्या तोंडून मिळते, आणि तिच्यात सूडाच्या गर्जनेला जागा नाही. त्या गीताशेजारी स्कॉटने रंगवलेली रॉबची बायको हेलन ठेवून पाहावी. पकडलेल्या माणसाला तळ्यात बुडवून मारण्याचा हुकूम देणारी ही स्त्री भव्य आहे, पण रंगमंचावरची आहे. रॉबच्या खऱ्या बायकोचे नाव मेरी होते. नावाची कादंबरी लिहिताना स्कॉटने तिचे नावही बदलून टाकले!

‘रॉब रॉय’ म्हणून टाकाऊ ठरत नाही. जार्वीच्या हिशेबासाठी आणि नाव लपवून फिरणाऱ्या नायकासाठी ती आजही वाचावी. मात्र वारसा म्हणून तिच्याकडे पाहताना थाळनेरचा दिंडी दरवाजा विसरू नये. आपल्या धन्याचा किल्ला सोडायला तयार नसलेला तुळशीराम हा स्कॉटच्या कादंबरीत शोभला असता. त्याला बंडखोर ठरवून फाशी देणाऱ्या फौजेत मॅग्रेगर होते, आणि दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या कुलनायकाला तशाच शब्दांखाली फासावर चढवले गेले होते. पुढे पार्लमेंटने हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानले, तेव्हा थाळनेरच्या फाशीला आपली संमती समजू नये, अशी पुस्ती जोडावी लागली. मॅग्रेगरांना नाव परत मिळाले. ते परत घेताना त्यांनी काय दिले आणि कोणाकडून काय घेतले, तो हिशेब जार्वीला मांडता आला नसता. तो मांडण्याची जागा तापीच्या काठी आहे.