काच, ऊन आणि आपली कपाटे

दिवाळीत आपण घर झाडतो, भांडी घासतो आणि दिवाणखान्यातले काचसामान पुसून पुन्हा कपाटात ठेवून देतो. पाहुण्यांनी ते बंद दारातून पाहावे, 'वा!' म्हणावे आणि चिवड्याकडे वळावे, एवढीच आपली रसिकता! चित्राविषयी आपण वाद घालतो, मूर्तीविषयीही घालतो. हाताने घडविलेल्या काचेची मात्र फार तर किंमत विचारतो. माझ्या मते याचा दोष काचेकडे जात नाही. आपण तिला ज्या अंधारात कोंडतो त्याच्याकडे जातो.

कलाकृतीला उजेड कसा द्यावा, याचा विचार सातारा जिल्ह्यात पूर्वीच झालेला आहे. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी औंधच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले, ते दिवसाच्या उजेडाचा हिशेब ठेवूनच. तिथे उजेड वरून, सौम्य होऊन उतरतो. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' पाहताना डोळ्यांवर तिरीप येत नाही. याच राजांच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९१६ साली कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना निघाला. पहिली आज सांगली जिल्ह्यात, दुसऱ्याची ओगलेवाडी साताऱ्यात. कारखाना आता बंद आहे, पण त्याचा 'प्रभाकर' कंदील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत अजून तेवतो. एकाच माणसाच्या आश्रयाने चित्रांना उजेड मिळाला आणि काचेला भट्टी. काचेला उजेड देण्याचे काम मात्र आपल्याकडे राहूनच गेले.

कारण चित्राचा आणि काचेचा उजेड एक नव्हे. चित्राला स्थिर, निःपक्षपाती उजेड हवा; फुंकून घडविलेल्या काचेला फिरते ऊन हवे. नळीतून फुंकर घालताना तिची जाडी कुठे कमी, कुठे अधिक होते. एखादा बुडबुडा आत अडकतो. कपाटात हे सारे दोष वाटतात. ऊन आरपार गेले की त्याच जागी किरण वाकतो आणि समोरच्या भिंतीवर पाण्यासारखी लहर हलू लागते.

सांगलीला एका स्नेह्यांकडे आजोबांच्या वेळची निळी हंडी आहे. पिवळ्या दिव्याखाली ती काळपट, जवळजवळ शाईच्या दौतीसारखी दिसे. माझ्या आग्रहावरून त्यांनी ती दक्षिणेच्या खिडकीत टांगली. सकाळी ती आकाशी झाली, दुपारी गडद निळी, आणि संध्याकाळी तिच्या काठावर जांभळी झाक आली. यात जादू काही नाही. काचेला असा निळा रंग कोबाल्टमुळे येतो. तो निळा किरण तेवढा पुढे सोडतो. पिवळ्या दिव्यात निळा किरणच तुटपुंजा, मग काच तरी काय दाखवणार? दिवसाच्या उजेडात त्याचा तोटा नसतो. त्या घरातली मंडळी आता हंडीची किंमत सांगत नाहीत, वेळ सांगतात: 'चार वाजता या, तेव्हा पाहा.' हीच खरी समीक्षा!

मात्र सर्वच काच उन्हात मांडू नये. जुन्या घरांत काचेच्या पाठीवर काढलेली देवादिकांची चित्रे असतात. त्यांत कारागीर दागिने आणि डोळे आधी काढतो, पार्श्वभूमी शेवटी. आपण पाहतो ते काचेच्या दुसऱ्या अंगाने. इथे उजेड आरपार जात नाही, रंगावर आपटून परत येतो. शिवाय गुळगुळीत काचेवर रंगाची पकड बेताचीच. कडक उन्हात ती सुटते आणि पोपडे निघतात. अशा चित्राला बाजूने येणारा मंद उजेडच द्यावा. एकीला ऊन, दुसरीला सावली, हा भेद ज्याला कळला त्याला काच कळू लागली असे मी म्हणेन.

दिवाळीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात खोलवर शिरते. काच पारखायला याहून चांगला मुहूर्त नाही. घरात एखादी जुनी हंडी, अत्तरदाणी, निदान कंदिलाची चिमणी असेल, तर फराळाच्या आधी ती मुलांच्या हातून खिडकीशी ठेववा आणि दिवसातून तीनदा पाहा. न आवडल्यास कपाट आहेच. पण निकाल उजेडात द्या.