रंग दिसला नाही, म्हणजे विषाणू नाही?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठीत एचपीव्हीचा डीएनए शोधणाऱ्या पेपरांचा गठ्ठा सध्या माझ्या टेबलावर पडलाय. एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: किरणोत्सर्गी नसलेल्या प्रोबमुळे काम सुरक्षित आणि सोपं झालं. खरंच आहे ते. फॉस्फरस-32 साधारण 14 दिवसांत निम्मा होतो, म्हणजे प्रोब साठवायची सोयच नाही. 1981 मध्ये लँगर, वॉल्ड्रॉप आणि वॉर्ड यांनी डीएनएच्या घटकाला बायोटिन जोडून दाखवलं आणि ही कटकट संपायला लागली.

माझी तक्रार त्यापुढच्या वाक्याबद्दल आहे: 'इतक्या गाठी निगेटिव्ह.' निगेटिव्ह, पण कशाच्या मानाने? कास्की पेशींत एचपीव्ही-16 च्या सुमारे 600 प्रती असतात, सिहा पेशींत जेमतेम एक-दोन. नुसती कास्कीची स्लाइड निळी झाली म्हणून प्रोब उत्तम म्हणायचं, म्हणजे ढोल ऐकू आला म्हणून कान ठणठणीत म्हणण्यासारखं. गाठीत विषाणूचा डीएनए पुष्कळदा आपल्या गुणसूत्रात घुसून बसलेला असतो, कधीकधी मोजक्याच प्रतींत. तेव्हा सिहामध्ये ठिपका दाखवा, मग बोलू. नाहीतर तो आकडा तक्त्यात जातो आणि पुढचा लेखक त्यालाच 'विषाणूविना झालेला कर्करोग' म्हणून मोकळा होतो.

उलटी फसगतही होते. यकृतात मुळातच बायोटिन भरपूर. हिपॅटायटिस बी शोधताना माझी पहिली स्लाइड अख्खी निळी झाली. अर्धा दिवस मी खूश! मग प्रोब न घातलेली स्लाइड पाहिली. तीही निळीच. डिजॉक्सिजेनिन डिजिटॅलिस वनस्पतीतून येतं, आपल्या ऊतींत नसतं, म्हणून तिथे ही अडचण नाही. पण प्रोटिनेज-केचं गणित राहतंच: कमी पडलं तर प्रोब आत शिरत नाही, जास्त झालं तर ऊतीचाच चिखल.

'मग सरळ पीसीआर करा ना!' करावाच. पण त्यासाठी ऊतीतला सगळा डीएनए एकत्र काढतात. विषाणू गाठीच्या पेशीत होता की शेजारच्या, ते कळत नाही. केंद्रकातला तो ठिपका नेमकं हेच सांगतो, म्हणून ही पद्धत मला सोडवत नाही.

फक्त निगेटिव्ह म्हणण्याआधी त्याच गाठीवर माणसाच्या स्वतःच्या अल्यू डीएनएचा प्रोब चालवून बघा. त्याच्या प्रती प्रत्येक पेशीत लाखोंनी असतात. तोही दिसला नाही तर दोष ऊतीचा किंवा आपल्या हाताचा. माझ्या जुन्या निगेटिव्ह स्लाइड्सपैकी दोनांत अल्यूसुद्धा निळा झाला नाही. त्या दोन मी निगेटिव्हच्या यादीतून काढल्यात.