जी-फंक्शन चांगलंच आहे, पण रन किती वर्षांचा?

तुमच्या विषयात ग्राउंड सोर्स हीट पंप असेल, तर एस्किलसनचं जी-फंक्शन कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच. १९८७ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या पीएचडीत त्याने ते मांडलं. एनर्जीप्लसमधलं उभ्या बोअरचं मॉडेलही त्यावरच उभं आहे. कल्पना खरंच सुरेख आहे. बोअरमध्ये एकसारखी उष्णता सोडत राहिलं तर त्याच्या भिंतीचं तापमान कसं चढत जाईल, याचा एक आलेख आधीच काढून ठेवायचा. मग इमारतीचा बदलता लोड पायऱ्यांमध्ये तोडायचा, प्रत्येक पायरीचा परिणाम त्या आलेखावरून घ्यायचा आणि बेरीज करायची. अख्ख्या जमिनीचं गणित दर तासाला सोडवावं लागत नाही.

माझी तक्रार आहे ती हे वापरण्याच्या पद्धतीबद्दल. मूळ मांडणीत काळाचं एक माप आहे: बोअरच्या खोलीचा वर्ग भागिले जमिनीच्या औष्णिक विसरणशीलतेची नऊपट. बोअर १०० मीटर आणि विसरणशीलता सेकंदाला १ चौरस मिलिमीटर धरून करून बघा. उत्तर येतं सुमारे ३५ वर्षं! जमीन इतकी सावकाश स्थिरावते, आणि आपण रन देतो एका वर्षाचा.

स्वीडनमध्ये मुख्यतः घर गरम करायचं असतं, त्यामुळे तिथली जमीन थंड होत जाते. मुंबईत उलटं. जमीन मुळातच २७ अंशांच्या आसपास, त्यात एसीची उष्णता बाराही महिने ओतायची आणि ती परत काढून घेणारा हिवाळा नाही. पहिल्या वर्षाचा सीओपी झकास दिसणारच. दहाव्या वर्षी लूपमधून परत येणारं पाणी किती गरम असेल, ते त्या आलेखात नसतंच.

‘भूजल उष्णता वाहून नेईल’ असं कुणी म्हणेल. नेईलही. पण जी-फंक्शन फक्त वहन धरतं, वाहतं पाणी त्यात नाही. शिवाय दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांमधून फिरतं. एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि शेजाऱ्याची कोरडी जाते, हे गावाकडे कुणीही सांगेल. तेव्हा जागेवर मोजल्याशिवाय त्या पाण्याच्या भरवशावर राहू नका.

पेपर वाचताना सीओपी बघण्याआधी रनचा कालावधी शोधा. स्वतःच्या मॉडेलमध्ये रन पीरियडचं शेवटचं वर्ष पुढे ढकलून वीस वर्षं चालवा, आणि लूपच्या पाण्याचं दरवर्षीचं कमाल तापमान काढा. वेळ लागतो, मान्य. रात्री लावून झोपा.