'द मिडल पॅसेज' वाचताना खटकलेली एक गोष्ट

लिटरेचर रिव्ह्यू करताना मोठं नाव दिसलं की आपण लगेच मान डोलावतो. व्ही. एस. नायपॉल यांचं 'द मिडल पॅसेज' (१९६२) वाचताना माझंही तसंच झालं. भाषा जबरदस्त! पण वेस्ट इंडीजमध्ये काहीच निर्माण झालं नाही, हा त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही.

त्रिनिदादचं सॅन फर्नांडो घ्या. भोवती एके काळी उसाचे मळे, उत्तरेला पॉइंट-आ-पिएरची रिफायनरी (२०१८ मध्ये बंद पडली). १९३७ मध्ये दक्षिणेतल्या तेल कामगारांनी संप केला, त्यातून ऑइलफिल्ड्स वर्कर्स ट्रेड युनियन उभी राहिली. तिचं मुख्यालय याच शहरात आहे. आणि तेलाची रिकामी पिंपं ठोकून त्रिनिदादच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी स्टीलपॅन घडवलं. १९५१ मध्ये ते लंडनला 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'मध्ये वाजलं, म्हणजे पुस्तकाच्या अकरा वर्षं आधी! नायपॉलना हे माहीत नव्हतं थोडंच? 'निर्मिती'ची व्याख्याच त्यांनी अशी धरली, की पिंप तिच्यात बसत नाही.

आमच्या लॅबमध्ये आकडा डिटेक्शन लिमिटच्या खाली आला तर 'आढळलं नाही' असं लिहितात, 'नाही' असं नाही. माझा पहिला ड्राफ्ट गाइडनी याच एका शब्दावरून परत पाठवला होता.